जिम ॲबट : ८७ विजय, १०८ पराभव आणि त्यानंतरचं व्यासपीठ

मीरा_मिशिगन

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांना जिम ॲबट हे नाव सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात. जन्म १९ सप्टेंबर १९६७, गाव फ्लिंट, मिशिगन. जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर वाढलेलं हे शहर. मुलगा जन्मला तो उजव्या पंजाशिवाय. आईवडील तेव्हा स्वतःच जेमतेम अठरा वर्षांचे होते. हाच मुलगा पुढे मिशिगन विद्यापीठाकडून खेळला, अमेरिकेच्या संघाकडून खेळला आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, १० सीझन पिचर (चेंडू टाकणारा) होता. ४ सप्टेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क यांकीजकडून त्याने नो-हिटर टाकली. १९९९ मध्ये खेळणं थांबवलं आणि तेव्हापासून तो भाषणं देत फिरतो.

मला बोलायचंय ते या दुसऱ्या आयुष्याबद्दल. निवृत्त खेळाडूने कंपन्यांच्या परिषदांत जाऊन 'हार मानू नका' सांगणं हा इथे चांगला चालणारा व्यवसाय आहे. बहुतेकांची भाषणं चषक, पदकं आणि विजयाच्या क्षणांभोवती फिरतात. ॲबटचं बोलणं मला वेगळं वाटतं. त्याची कारकिर्दीची आकडेवारी ८७ विजय आणि १०८ पराभव अशी आहे, म्हणजे जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. १९९६ च्या एका सीझनमध्ये तो २ सामने जिंकला आणि १८ हरला. हे तो लपवत नाही. आणि प्रत्येक गोष्टीत त्याला मदत करणारं दुसरं कुणीतरी असतंच: वडील, शिक्षक, प्रशिक्षक.

तर प्रश्न असा, की अशा माणसाच्या शब्दाला वजन कशामुळे येतं? खेळातल्या यशामुळे, हातामुळे, की आणखी कशामुळे? मनापासून लिहा, मतभेद असले तरी हरकत नाही.

टिल्लू_पाटील

धागा वाचतोय. पण आमच्यासारख्यांची सोय करा हो कुणीतरी. नो-हिटर म्हणजे मेडन ओव्हर का?

डावखुरा

टिल्लूशेठ, मेडन ओव्हर नऊ इनिंग चालली असं धरा :)

न्यू जर्सीत राहून बेसबॉलचं वेड लागलेला माणूस आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सामन्यात नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन बॅटर बाद करायचे, म्हणजे एकूण २७. या सगळ्या वेळात समोरच्या संघाला एकही 'हिट' मिळू द्यायची नाही, म्हणजे कुणीही चेंडू मारून त्या जोरावर बेस (धावत गाठायचा टप्पा) गाठायचा नाही. चार चेंडू चुकीच्या जागी पडले तर बॅटरला फुकट बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. वॉक दिले तरी नो-हिटर मोडत नाही. ॲबटने त्या दिवशी पाच वॉक दिले होते आणि स्ट्राइकआउट (बॅटरला चेंडू मारूच न देता बाद करणं) फक्त तीन. म्हणजे सामना काही त्याने एकट्याने पेललेला नव्हता. चेंडू सतत बॅटला लागत होता आणि मागचे क्षेत्ररक्षक तो उचलत होते. सातव्या इनिंगमध्ये अल्बर्ट बेलने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवर वेड बॉग्सने झेप घेऊन अडवला, तो निसटला असता तर या धाग्याची गरजच पडली नसती.

समोर क्लीव्हलंड होतं आणि ती फलंदाजी साधी नव्हती. केनी लॉफ्टन, कार्लोस बाएर्गा, अल्बर्ट बेल, तरुण जिम टोमी, आणि नुकताच मेजर लीगमध्ये आलेला मॅनी रामिरेझ. आठवड्याभरापूर्वी, २९ ऑगस्टला, याच संघाने याच ॲबटची धुलाई केली होती. सात धावा दिल्यावर त्याला चौथी इनिंग संपायच्या आत बाहेर काढलं. तो इतका चिडला होता की सामना चालू असतानाच स्टेडियमबाहेर पडून क्लीव्हलंडच्या रस्त्यांवर धावत सुटला. त्याच्या पुढचाच सामना हा नो-हिटरचा.

नवव्या इनिंगमध्ये लॉफ्टनने बंट करून बघितला, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू हळूच पुढे टाकायचा. यांकी स्टेडियमने त्याची जोरदार हुर्यो केली. तो बाद झाला, मग फेलिक्स फर्मिनने मारलेला उंच चेंडू बर्नी विल्यम्सने पार मागे जाऊन झेलला. शेवटी आला बाएर्गा. तो दोन्ही बाजूंनी खेळायचा. डावखुऱ्या पिचरसमोर उजव्या बाजूने उभं राहण्यात बॅटरचा फायदा असतो, पण तो मुद्दाम डाव्या बाजूने उभा राहिला, कारण ॲबटचा कटर (शेवटच्या क्षणी किंचित वळणारा वेगवान चेंडू) उजव्या बॅटरच्या मुठींवर येऊन आदळायचा. त्याचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) गेला, त्या जागेवरच्या रँडी व्हेलार्डेने पहिल्या बेसवर डॉन मॅटिंग्लीकडे फेकला, संपलं. ४-०.

टिल्लू_पाटील

आता कळलं. आणि अंगावर काटा आला ते वेगळंच.

सडेतोड

वाचून आनंद झाला, डावखुरा छान लिहितात. पण मूळ प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: खेळाडू म्हणून आदर, वक्ता म्हणून नाही.

मी पुण्यात ज्या कंपनीत होतो तिथे दर वर्षी असा एक वक्ता यायचा. एक गिर्यारोहक आले होते, माणूस खरोखर मोठा. त्यांनी थंडी, भूक, साथीदाराचा मृत्यू हे सगळं सांगितलं, सभागृह रडलं. त्यानंतर आमच्या संचालकांनी माइक घेतला आणि त्या तिमाहीचं टार्गेट वाढवल्याचं जाहीर केलं. म्हणजे त्या माणसाचं दुःख कुणाच्या कामी आलं? ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या. ऐकणाऱ्याला पगारवाढ नाही, माणसं कमी झाली त्यांच्या जागी भरती नाही, पण 'एक हात नसलेला माणूस करू शकतो तर तुम्ही का नाही' हे ऐकून घरी जायचं. मला हा त्या वक्त्याचाही अपमान वाटतो.

मीरा_मिशिगन

सडेतोड, तुमचा राग समजतो, आणि तो रास्त आहे. पण तो बोलावणाऱ्यावरचा राग आहे, बोलणाऱ्यावरचा नाही. ॲबट फक्त कंपन्यांतच बोलत नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याचा एक विभाग अपंगांच्या रोजगाराचं धोरण पाहतो. त्यांच्याबरोबर तो मालकवर्गाला 'अशा लोकांना नोकऱ्या द्या' हे सांगायचं काम करत आलाय. तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलट आहे हे. तिथे तो कामगारांना जास्त राबा म्हणत नाही, दार उघडा असं मालकांना म्हणतो.

सडेतोड

हे माहीत नव्हतं. त्या कामाला सलाम. कंपनीतल्या भाषणांबद्दलचं मत मात्र कायम आहे.

अवनी_म

खूप दिवसांनी लिहितेय. माझा डावा हात जन्मापासून कोपराच्या खाली नाही. ठाण्यात राहते, नोकरी करते. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

'तुमच्याकडे पाहून प्रेरणा मिळते' हे वाक्य मी लोकलमध्ये ऐकलंय, लग्नात ऐकलंय, भाजी घेताना ऐकलंय. मी पिशवी उचलली म्हणून. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी हसून पुढे जाते. पण त्यात मी कुठेच नसते, त्या माणसाचं स्वतःचं बरं वाटणं तेवढं असतं. त्यामुळे सडेतोड जे म्हणतात ते मला आतून पटतं.

आणि तरीही ॲबट मला आवडतो. कारण सांगते. त्याचा खेळतानाचा एखादा व्हिडिओ आवाज बंद करून बघा. ग्लोव्ह उजव्या मनगटाच्या टोकावर टेकवून ठेवलेला असतो. डाव्या हाताने चेंडू सुटतो, आणि तो हात खाली येता येताच ग्लोव्हमध्ये शिरतो. बॅटर मारेपर्यंत हा झेलायला तयार. चेंडू आलाच तर ग्लोव्हमध्ये घ्यायचा, ग्लोव्ह उजव्या हाताने छातीशी दाबायचा, डावा हात चेंडूसकट बाहेर ओढायचा आणि फेकायचा. सगळं मिळून डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. मी ते थांबवून थांबवून पाहिलंय. त्यात धीर, जिद्द वगैरे काही दिसत नाही. दिसतं ते एक शोधून काढलेलं तंत्र. लहानपणी विटांच्या भिंतीवर चेंडू मारत मारत, हळूहळू भिंतीच्या जवळ सरकत ते बसवलेलं आहे.

मला अशा माणसाकडून 'हार मानू नका' ऐकायचं नाही. 'मी हे असं केलं' हे ऐकायचंय. आणि तो ते सांगतो. माझ्यापुरतं त्याच्या शब्दाचं वजन त्यात आहे.

डावखुरा

अवनीताई, हे या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं लिखाण आहे.

स्वप्ना_जळगाव

+१ अवनी. शाळेत खेळ शिकवते, सॉफ्टबॉलच्या मुली तयार करते. आपल्याकडे सॉफ्टबॉल जिल्ह्याजिल्ह्यात पोचलाय, पण नव्या मुलीला ग्लोव्हमधून चेंडू काढून फेकीची पकड नीट बसायला खूप सराव लागतो. दोन्ही हात असलेल्या मुलीला! ग्लोव्ह काढणं हा टप्पा मध्ये घालून हे मेजर लीगच्या वेगात करणं म्हणजे काय, ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

आणि विरोधी संघ अशा वेळी काय करणार? मुद्दाम त्याच्याकडे बंट करणार. त्याला पळत पुढे येऊन, चेंडू उचलून, ग्लोव्हचा सगळा खटाटोप करून फेकावं लागणार. तसं झालं असेलच ना?

डावखुरा

झालं तर! शाळेपासून झालं. बंटवर बंट. आणि तो बाद करत राहिला की पुढचे आपोआप थांबायचे. हायस्कूलला तो अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकही (चढाईत चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) होता, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

नाना_डोंबिवली

मंडळी, वयाने या धाग्यावर बहुधा सगळ्यांत मोठा असेन, म्हणून थोडं अवांतर. हे वाचताना मला सारखा भागवत चंद्रशेखर दिसतोय. लहानपणी पोलिओने उजवा हात बारीक झाला. त्याच हाताने गोलंदाजी! त्याच हातात ती गुगली आणि तो भन्नाट वेग. आणि सीमारेषेवरून चेंडू परत फेकायचा तो डाव्या हाताने, उजव्यात तेवढी ताकद नव्हती म्हणून. १९७१ ला ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड १०१ ला सर्वबाद, आणि आपल्या अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो. ५८ कसोटींत २४२ बळी आणि १६७ धावा. बळींपेक्षा धावा कमी!

आता बघा, चंद्राला आपण कधी 'पोलिओग्रस्त असूनही' म्हणून आठवलं का? सामना जिंकून देणारा म्हणून आठवलं. ॲबटलाही तसंच आठवायला हवं.

टिल्लू_पाटील

नाना, बळींपेक्षा धावा कमी हे लिहून तुम्ही चंद्राच्या बॅटिंगला जाहीर श्रद्धांजलीच वाहिलीत.

नाना_डोंबिवली

अहो तो बॅटिंगला आला की आम्ही चहा टाकायचो. पण ते प्रेमानेच.

अवनी_म

नाना, मान्य आहे, पण अर्धंच. चंद्रशेखर यांचा हात आठवायचाच नाही असं केलं, तर त्या हाताने केलेली करामतही विसरली जाते. मला हात लपवायचाही नाही आणि त्याची पूजाही नको.

सांगलीकर_९

आपल्याकडची नावंही यायला हवीत. मुरलीकांत पेटकर, आमच्या सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण होतं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये! किती दशकं गेली बघा. त्यांना तरुणपणी व्यासपीठ मिळालं असतं तर किती पोरांना पाण्यात उतरता आलं असतं.

दुसरे सचिन खिलारी, आमच्याच आटपाडी तालुक्यातले. पॅरिस २०२४ ला गोळाफेकीत रौप्य, १६.३२ मीटर. शाळेत असताना सायकलवरून पडून डावा हात निकामी झाला. ते इंजिनिअर आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवतही आलेत. मला विचाराल तर भाषणापेक्षा हे शिकवणं मोठं.

सडेतोड

हेच. शिकवणं आणि प्रेरणा देणं यात फरक आहे.

डावखुरा

बेसबॉलमध्ये ॲबट पहिला नाही, हे सांगायचं राहिलं. ह्यू डेली नावाच्या पिचरचा डावा पंजा अपघातात गेलेला होता. त्याने १८८३ मध्ये नो-हिटर टाकली होती. १९४५ ला पीट ग्रे हा एका हाताचा आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक) सेंट लुई ब्राउन्सकडून ७७ सामने खेळला. पण तेव्हा युद्धामुळे बरेच खेळाडू सैन्यात होते. युद्ध संपलं, ते परतले, आणि ग्रेला मेजर लीगमध्ये पुन्हा जागा मिळाली नाही. ॲबटच्या बाबतीत असं काही म्हणायची सोयच नव्हती. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कॅलिफोर्निया एंजल्सने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं आणि १९८९ मध्ये एकही दिवस मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीच्या स्पर्धांत) न पाठवता थेट मेजर लीगमध्ये उतरवलं. हे भल्याभल्यांच्या नशिबी येत नाही.

त्याआधी १९८७ ला हवानात क्यूबाच्या संघाला त्याने हरवलं. अमेरिकी पिचरने क्यूबाच्या भूमीवर त्यांना हरवण्याची ती २५ वर्षांतली पहिली वेळ. त्याच वर्षीच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत देशाचा झेंडा त्याच्या हातात होता. १९८८ ला सोलमध्ये अंतिम सामन्यात जपानला ५-३ ने हरवताना पूर्ण सामना त्यानेच टाकला. बेसबॉल तेव्हा ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ होता, म्हणून ते सुवर्ण अधिकृत पदकतक्त्यात धरलं जात नाही.

कोल्हापुरी_तर्री

मग ८७-१०८ कसं काय हो? एवढा भारी होता तर हरला का इतका?

डावखुरा

चांगला प्रश्न. पिचरच्या नावावर लागणारे विजय-पराभव त्याच्या एकट्याच्या हातात नसतात. १९९१ ला त्याने १८ जिंकले, ११ हरले, सरासरी २.८९ (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), आणि साय यंग पुरस्काराच्या (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या) मतदानात तो तिसरा आला. १९९२ ला सरासरी आणखी सुधारली, २.७७. आणि आकडा? ७ विजय, १५ पराभव! कारण एंजल्सना त्याच्यासाठी धावाच काढता येत नव्हत्या. गोलंदाजाने पाच बळी घ्यावेत आणि आपला संघ नव्वदीत गुंडाळला जावा, तसं. लगेच डिसेंबरमध्ये त्याला यांकीजकडे पाठवून दिलं.

१९९६ मात्र खरोखर वाईट. २-१८, सरासरी ७.४८. चेंडूचा वेग कमी झाला होता. पहिल्यांदाच त्याला मायनर लीगमध्ये धाडलं गेलं. १९९७ मध्ये तो खेळलाच नाही. १९९८ ला व्हाइट सॉक्सकडून परत सुरुवात, तीही अगदी खालच्या पायरीवरून, आपल्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान पोरांच्या बसमध्ये बसून. सप्टेंबरमध्ये वर आला आणि पाचपैकी पाच सामने जिंकला. ५-०. मला नो-हिटरपेक्षा हे पाच विजय जास्त आवडतात. इथे कुणाला पटणार नाही, माहीत आहे.

मीरा_मिशिगन

मला पटतं. आणि १९९९ ला मिलवॉकीकडून खेळताना त्याला बॅटिंगही करावी लागली, कारण नॅशनल लीगमध्ये तेव्हा पिचरला स्वतः बॅट घ्यावी लागायची. २१ वेळा बॅटिंग, २ हिट. दोन्ही शिकागो कब्जच्या जॉन लीबरच्या चेंडूंवर.

टिल्लू_पाटील

लीबरचं नाव इथे असं अजरामर होईल असं त्यालाही वाटलं नसेल!

बाबा_इस्लामपूर

सगळ्यांना नमस्कार. मी इथे फक्त वाचत असतो. आज लिहावं वाटलं. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, उजवा पंजा नाही जन्मापासून. शाळेत जातो, हुशार आहे, बोलका आहे. या वर्षीपासून बुटाची नाडी स्वतः बांधायची, असं शाळेत सांगितलंय. बाईंनी त्याला 'तू चिकटपट्टीचे बूट घाल' असं सांगितलं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण घरी आल्यावर तो काही बोलला नाही, जेवला नाही. मीराताई, त्या ॲबटने लहानपणी काय केलं, याबद्दल काही माहीत असेल तर सांगा.

मीरा_मिशिगन

बाबा, बरं झालं लिहिलंत. नेमकी हीच गोष्ट ॲबट आपल्या भाषणांत सांगतो, आणि ती ऐकल्यापासूनच मला हा धागा काढायचा होता.

प्राथमिक शाळेत त्यालाही नाडी बांधता येत नव्हती. त्याचे एक शिक्षक घरी गेले आणि स्वतःची एक मूठ घट्ट मिटून, एकाच हाताने नाडी बांधायचा सराव करत बसले. जमेपर्यंत. मग एक दिवस वर्ग कामाला लावून त्याला बाहेर व्हरांड्यात बोलावलं, सांगितलं की मला जमलंय, आणि दोघं खुर्च्यांवर बसून ते शिकले. त्या शिक्षकांनी भाषण केलं नाही, कीव केली नाही, चिकटपट्टीचे बूटही सुचवले नाहीत. आधी स्वतः तसं होऊन पाहिलं.

त्याला लहानपणी एक कृत्रिम हात बसवला होता, लोखंडी आकड्याचा. तो त्याला आवडला नाही आणि त्याने पुढे काढून टाकला. आईवडिलांनी जबरदस्ती केली नाही. वडिलांनी बाहेर खेळायला पाठवलं, एवढंच.

अवनी_म

बाबा, एक सोपी पद्धत देते, मी अजून हीच वापरते.

एकच नाडी घ्या. तिच्या एका टोकाला जाड गाठ मारा. बुटाच्या सगळ्यांत खालच्या भोकातून आतून बाहेर काढा, म्हणजे गाठ आत अडकेल. मग उरलेलं टोक एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, नागमोडी वर नेत जा. सगळ्यात वरच्या भोकातून बाहेर आलं की ओढून घट्ट करा, आणि उरलेल्या टोकाचा छोटा फास करून वरच्या आडव्या पट्टीखाली खोचा. सुटत नाही. सोडवायचं तर टोक ओढायचं. गाठ, फुलपाखरू, दोन्ही हात, काही लागत नाही.

पण एक करा. आधी तुम्ही एक हात पाठीमागे बांधून करून बघा. तुम्हाला जमलं की त्याच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलं की सगळं उलटं दिसतं. आणि पायात बूट घालून शिकवू नका, आधी बूट मांडीवर घ्या.

बाबा_इस्लामपूर

अवनीताई, काय बोलू. आत्ताच एका बुटावर करून पाहिलं. दुसऱ्यांदा घट्ट बसलं. सकाळी त्याच्याबरोबर बसतो.

स्वप्ना_जळगाव

बाबा, तुमची हरकत नसेल तर अवनीची पद्धत मी माझ्या शाळेतल्या पहिली-दुसरीच्या बाईंना देते. आमच्याकडे एक मुलगी आहे, भाजल्यामुळे बोटं आखडलेली. तिला कुणी हे दाखवलेलं नाही, मीही नाही.

बाबा_इस्लामपूर

हरकत कसली, द्या की.

नाना_डोंबिवली

बाबा, मुलाला नानांचा आशीर्वाद सांगा. आणि चेंडू आणून द्या. भिंत प्रत्येक घराला असतेच.

कोल्हापुरी_तर्री

मूळ प्रश्नाकडे येऊ का? एवढं वाचून मला वाटतं, बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये तरी असायला हवा होता हा माणूस.

डावखुरा

२००५ च्या मतदानात त्याला १३ मतं मिळाली, अडीच टक्के. ७५ टक्के लागतात, आणि पाचच्या खाली गेलं की नाव मतपत्रिकेवरून कायमचं जातं. आकड्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं, मी त्याबद्दल भांडणार नाही. त्याने स्वतःही कधी सवलत मागितली नाही. नानांचं म्हणणं इथे लागू पडतं: पिचर म्हणून मोजा.

सडेतोड

बाबांच्या पोस्टनंतर रात्री बराच वेळ ॲबटचं एक भाषण ऐकत होतो. नाडीची गोष्ट त्यात आहे. लहान मुलीच्या बालवाडीत पालकांच्या व्यवसायाबद्दल बोलायला गेला असताना तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं, बाबा, तुला तुझा छोटा हात आवडतो का? तेही आहे. तो प्रश्न त्याला आधी कुणी विचारलाच नव्हता. त्याचं उत्तर तो शांतपणे देतो: आवडतो, पण नेहमीच आवडत होता असं नाही, आणि नेहमीच सोपं होतं असंही नाही. हे ऐकताना मला टाळ्यांसाठी बोलणारा माणूस दिसला नाही.

माझी तक्रार तरी शिल्लक आहे. ही नाडीची गोष्ट विक्री विभागाच्या परिषदेत सांगून काय होणार? ती डी.एड., बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना ऐकवली पाहिजे. खेळ शिकवणाऱ्यांना ऐकवली पाहिजे. त्या गोष्टीतला नायक तो शिक्षक आहे, आणि शिक्षकच समोर बसलेले नाहीत.

मीरा_मिशिगन

सडेतोड, पूर्ण सहमत. मग आपणच का नाही? ती नाडीची गोष्ट आणि अवनीची पद्धत मिळून मराठीत एक पान करूया. स्वप्ना, तू शाळांपर्यंत पोचवशील का? अवनी, पायऱ्यांचे फोटो काढता येतील का?

अवनी_म

शनिवारी काढते. काळा बूट आणि पांढरी नाडी घेते, म्हणजे स्पष्ट दिसेल. डावा हात नसलेल्यांसाठी आणि उजवा नसलेल्यांसाठी वेगवेगळे संच लागतील, बाबा, दुसऱ्या संचाला तुमचा चिरंजीव मदत करेल का?

बाबा_इस्लामपूर

विचारलं. म्हणाला, फोटोत चेहरा नको, फक्त बूट आणि हात.

स्वप्ना_जळगाव

पान तयार झालं की पाठवा. जिल्ह्यातल्या खेळशिक्षकांच्या गटावर टाकते, आणि पुढच्या प्रशिक्षणात प्रत्येकाला एक मूठ मिटून नाडी बांधायला लावते.